आर.ई.एम.चे पंधरा अल्बम: क्रम लावायचा तो कसा

आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे स्टुडिओ अल्बम एकूण १५. पहिला १९८३ चा ‘मर्मर’, शेवटचा २०११ चा ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’. इतक्या मोठ्या कामाचा क्रम लावायला बसलं की बहुतेकजण आधी आवडती गाणी आठवतात आणि ज्या अल्बममध्ये ती जास्त, तो वर टाकतात. अर्ध्या तासात यादी तयार होते, पण ती गाण्यांची यादी असते. ‘लूझिंग माय रिलिजन’ आहे म्हणून ‘आउट ऑफ टाइम’ आपोआप वर चढतो. ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’मधलं एकही गाणं जगभर गाजलं नाही, म्हणून तो आपोआप खाली जातो. दोन्ही अल्बम शेवटचे सलग कधी ऐकले होते, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

या लेखात मी क्रम लावायची एक पद्धत पायरीपायरीने सांगणार आहे आणि शेवटी माझा क्रमही देणार आहे. पद्धतीमागचा विचार असा, की तुलना अख्ख्या अल्बमची करायची आणि सगळ्यात जास्त वेळ यादीच्या मधल्या जागांना द्यायचा. पहिला आणि शेवटचा नंबर बहुतेकदा स्वतःच ठरतात. सातव्या ते अकराव्या जागेवर कोण बसणार, हे ठरवताना मात्र आपल्याला या बँडकडून नेमकं काय हवं असतं ते स्वतःलाच सांगावं लागतं.

आधी कुंपण घाला

काय मोजायचं आणि काय नाही, हे ऐकायला सुरुवात करण्याआधी ठरवा. मध्येच नियम बदलले की सगळी यादी विस्कटते.

मोजायचे ते फक्त १५ स्टुडिओ अल्बम. १९८२ चं ‘क्रॉनिक टाउन’ बाहेर ठेवा. ते पाच गाण्यांचं ई.पी. आहे, आणि पाच गाण्यांचं काम बारा गाण्यांच्या कामाशी तोलणं अन्यायाचं होतं, बहुतेकदा मोठ्या कामावर, कारण पाच गाण्यांत घसरायला जागाच नसते. १९८७ चा ‘डेड लेटर ऑफिस’ हा इकडच्या-तिकडच्या उरलेल्या गाण्यांचा संग्रह, तोही बाहेर. त्याच्या सीडीवर ‘क्रॉनिक टाउन’ शेवटी जोडलेलं आहे, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. लाइव्ह अल्बम आणि निवडक गाण्यांचे संग्रह यांचाही विचार नको.

मग आवृत्तीचा प्रश्न. वर्धापनदिनाच्या आवृत्त्यांमध्ये दुसरी डिस्क असते, डेमो असतात, मैफली असतात. ते सगळं ऐका, पण वेगळ्या दिवशी. क्रमासाठी अल्बम जिथे मुळात संपला तिथे थांबायचं. ‘मॉन्स्टर’च्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण निर्माता स्कॉट लिट याने २०१९ मध्ये तो संपूर्ण अल्बम नव्याने मिक्स केला. नव्या मिक्समध्ये गायक मायकल स्टाइपचा आवाज पुढे येतो आणि गिटारचा लोंढा बाजूला सरतो. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत, पण तुलनेसाठी १९९४ चाच धरा. लोकांच्या हातात तेव्हा जे पडलं, ते काम.

पाच, पाच आणि पाच

या बँडवर ही पद्धत शिकणं सोयीचं आहे, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे २१ सप्टेंबर २०११ ला त्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं, त्यामुळे यादीत नवी भर पडत नाही. दुसरं म्हणजे त्यांचं काम तीन समान गटांत पडतं.

पहिला गट आय.आर.एस. या छोट्या कंपनीच्या काळातला: ‘मर्मर’ (१९८३), ‘रेकनिंग’ (१९८४), ‘फेबल्स’ (१९८५), ‘लाइफ्स रिच पॅजन्ट’ (१९८६), ‘डॉक्युमेंट’ (१९८७). पाच वर्षांत पाच अल्बम, आणि मधल्या वेळात सतत दौरे.

दुसरा गट वॉर्नर ब्रदर्सकडे गेल्यानंतरचा, मूळ चौघे एकत्र असतानाचा: ‘ग्रीन’ (१९८८), ‘आउट ऑफ टाइम’ (१९९१), ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२), ‘मॉन्स्टर’ (१९९४), ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ (१९९६).

तिसरा गट ड्रमर बिल बेरी ऑक्टोबर १९९७ मध्ये बाहेर पडल्यानंतरचा: ‘अप’ (१९९८), ‘रिव्हील’ (२००१), ‘अराउंड द सन’ (२००४), ‘ॲक्सिलरेट’ (२००८), ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’ (२०११).

दुसऱ्या कुठल्या जुन्या बँडची यादी करायची असेल तर गट इतके नेटके पडणार नाहीत, पण पाडावेच लागतील. गटाची सीमा दशकावर ठरवू नका. सभासद गेला, निर्माता बदलला, कंपनी बदलली, अशा ठिकाणी रेघ ओढा. आवाज तिथेच बदलतो.

ऐकायची शिस्त

अल्बम निघाले त्याच क्रमाने ऐका, एका बैठकीत एक, शफल बंद ठेवून. आठवड्याला दोन-तीन अल्बम पुरे. एका दिवसात पाच ऐकले तर पाचव्याला न्याय मिळत नाही, आणि तो पाचवा नेमका ‘डॉक्युमेंट’ असतो.

आवाजाची पातळी सारखी ठेवा. ‘ॲक्सिलरेट’ हा ‘मर्मर’पेक्षा खूपच मोठ्या आवाजात मास्टर केलेला आहे, आणि दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली की मोठा आवाज कानाला आधी चांगला वाटतो. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आवाज समान ठेवणारं सेटिंग चालू करा. सीडी किंवा रेकॉर्डवर ऐकत असाल तर प्रत्येक वेळी नॉब फिरवायचा कंटाळा करू नका.

बाजू लक्षात ठेवून ऐका. या बँडने रेकॉर्डच्या दोन बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणण्याऐवजी नावं दिली. ‘पॅजन्ट’ची ‘डिनर’ आणि ‘सपर’, ‘डॉक्युमेंट’ची ‘पेज’ आणि ‘लीफ’, ‘ग्रीन’ची ‘एअर’ आणि ‘मेटल’, ‘आउट ऑफ टाइम’ची ‘टाइम’ आणि ‘मेमरी’, ‘ऑटोमॅटिक’ची ‘ड्राइव्ह’ आणि ‘राइड’. मध्यावर तबकडी उलटायची आहे, हे धरून गाण्यांचा क्रम लावलेला आहे. म्हणून तुम्हीही मध्ये दोन मिनिटं थांबा. पहिली बाजू भक्कम आणि दुसरी ढिली, अशी तक्रार करायची तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकलेल्या असाव्या लागतात. ‘पॅजन्ट’ कव्हर समोर धरून ऐकणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. त्याच्या मूळ कव्हरवर गाण्यांचा क्रम चुकीचा छापलेला आहे आणि दोन गाण्यांचा उल्लेखच नाही.

गाण्यांना दहापैकी गुण देण्याचा मोह टाळा. गुणांची सरासरी काढली की अल्बम हरवतो. दोन जबरदस्त आणि दोन ओढूनताणून केलेली गाणी असलेला अल्बम, आणि सगळी चांगली असलेला अल्बम, दोघांची सरासरी सारखी येऊ शकते. त्याऐवजी प्रत्येक अल्बम संपल्यावर वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. माझं लक्ष कुठे उडालं? कुठल्या दोन गाण्यांचा जोड असा होता की पहिल्यामुळे दुसरं मोठं झालं? पुन्हा ऐकताना मी कुठलं गाणं सोडून पुढे जाईन? उत्तरं दोन-दोन ओळींचीच असू द्या. पुढे तुलना करताना तुमच्याकडे तेवढाच लेखी पुरावा असणार आहे आणि तो पुरतो.

कान कुठे लावायचा

बेरी असेपर्यंतच्या आर.ई.एम.च्या गाण्यांवर चौघांची नावं समान असतात, अक्षरक्रमाने: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. कुणी काय केलं हे कव्हरवरून कळत नाही, ऐकूनच काढावं लागतं. ते काढता येऊ लागलं की अल्बमांमधला फरकही स्पष्ट दिसू लागतो.

स्टाइपच्या आवाजाचा प्रवास हा या यादीचा कणा आहे. ‘मर्मर’वर शब्द अर्धे गिळलेले आहेत आणि आवाज वाद्यांच्या ओळीत बसवलेला आहे. ‘पॅजन्ट’वर निर्माता डॉन गेहमन याने तो पुढे आणला. ‘ग्रीन’च्या कव्हरवर पहिल्यांदा एका गाण्याचे शब्द छापले, ‘वर्ल्ड लीडर प्रिटेंड’चे. सगळ्या गाण्यांचे शब्द छापायला ‘अप’ उजाडावा लागला. म्हणजे पंधरा वर्षांत एक गायक हळूहळू लोकांना आपलं म्हणणं ऐकू द्यायला तयार झाला. तुम्हाला त्याचं पुटपुटणं आवडतं की स्पष्ट बोलणं, याच्यावर तुमचा निम्मा क्रम ठरेल.

पीटर बक सुटे सूर छेडत जातो तेव्हा गिटार चमकते. ‘मॉन्स्टर’वर तोच थरथरत्या, दणदणीत कॉर्डकडे वळतो. माइक मिल्सचा बेस नुसता ताल धरत नाही, तो स्वतंत्र चाल गातो, आणि मागून येणारा उंच आवाजही बऱ्याचदा त्याचाच. बिल बेरीचं महत्त्व ड्रम्सपुरतं समजू नका. ‘एव्हरीबडी हर्ट्स’चा मूळ आराखडा त्याचा, आणि गंमत म्हणजे त्या गाण्यात सुरुवातीपासून चालणारा ठोका ड्रम मशीनचा आहे. ‘मर्मर’वरचं ‘परफेक्ट सर्कल’ही मुळात त्याचंच. तो गेल्यावर काय गेलं, ते तिसरा गट ऐकताना याच गोष्टी आठवून शोधायचं.

निर्मात्यांची नावं शेजारी लिहून ठेवली तर फार मदत होते. पहिले दोन अल्बम मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन यांचे. ‘फेबल्स’ जो बॉइडचा, ‘पॅजन्ट’ गेहमनचा. ‘डॉक्युमेंट’पासून ‘न्यू ॲडव्हेंचर्स’पर्यंतचे सलग सहा स्कॉट लिटबरोबर. नंतरचे तीन पॅट मॅकार्थीबरोबर आणि शेवटचे दोन जॅकनाइफ लीबरोबर.

गटाच्या आतला क्रम

आता प्रत्येक गटातल्या पाचांना आपसांत लावायचं. एका वेळी दोनच अल्बम समोर ठेवा आणि एकच विचारा: आज यातला एकच अख्खा ऐकायचा असेल तर कुठला? ‘कुठला जास्त महत्त्वाचा’ हा प्रश्न वेगळा आहे. तो इतिहास लिहिणाऱ्यांचा.

पहिल्या गटात माझ्याकडे ‘मर्मर’ वर आहे. ‘रेडिओ फ्री युरोप’ हे गाणं त्यांनी १९८१ मध्ये एकदा वेगळं काढलं होतं, त्यात घाई होती. अल्बमवरची आवृत्ती थोडी संथ आहे आणि त्यामुळे बेसची चाल ऐकू येते. हा अल्बम जवळ जाऊन ऐकण्याचा आहे. ‘वी वॉक’मध्ये मागे मेघगर्जनेसारखं जे काही वाजतं, ते बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या टकरांचं ध्वनिमुद्रण वेग कमी करून वापरलेलं आहे. अशा गोष्टी अल्बमभर पेरलेल्या आहेत, आणि तरीही कुठलीच पुढे येऊन आपली ओळख करून देत नाही. बारा गाण्यांत मला एकही सोडावंसं वाटत नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून याची निवड केली होती, आणि त्या निवडीशी भांडायला मला काही सापडलेलं नाही.

त्याखाली ‘पॅजन्ट’. ‘बिगिन द बिगिन’ आणि ‘दीज डेज’ ही लागोपाठची दोन गाणी म्हणजे या बँडने केलेली सर्वांत जोरदार सुरुवात. मग ‘फॉल ऑन मी’, मग प्रदूषणामुळे एकेकाळी पेट घेणाऱ्या ओहायोतल्या नदीवरचं ‘कायाहोगा’. ‘रेकनिंग’ तिसरा: दहा गाणी, सगळी चटपटीत, आणि ‘कॅमेरा’ हे एक अतिशय दुःखी गाणं, मित्रपरिवारातल्या मृत्यूनंतर लिहिलेलं. ‘डॉक्युमेंट’ चौथा. त्याची ‘पेज’ ही बाजू संतापाने भरलेली आहे आणि ‘इट्स द एंड ऑफ द वर्ल्ड’ने ती संपते, तिथपर्यंत तो ‘रेकनिंग’च्या पुढे असतो. ‘लीफ’ ‘द वन आय लव्ह’ने उघडते आणि शेवटाकडे जाताना सैल पडते. पाचवा ‘फेबल्स’, पण त्याच्याबद्दल पुढे.

दुसऱ्या गटात वरच्या दोन जागांसाठीच खरी लढत आहे. ‘ऑटोमॅटिक’ कशामुळे वर जातो, हे समजून घ्यायचं तर शेवटची तीन गाणी सलग ऐका. ‘मॅन ऑन द मून’मध्ये सगळा बँड आहे, ध्रुवपद मोठं आहे, माणूस बरोबर गाऊ लागतो. ते संपतं आणि ‘नाइटस्विमिंग’ सुरू होतं. तिथे बँडपैकी फक्त दोघे आहेत, मिल्सचा पियानो आणि स्टाइपचा आवाज. गिटार नाही, ड्रम्स नाहीत. पियानोची एकच आकृती गोल गोल फिरत राहते, परत ध्रुवपदावर येऊन टेकत नाही. मागून तंतुवाद्यं हळूच येतात, त्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सची. मग ओबो वाजतो, एकदाच मोकळेपणी. गाणं संपताना असं वाटतं की अल्बम इथेच संपला असता तरी चाललं असतं. आणि तेवढ्यात ‘फाइंड द रिव्हर’ येतं, ॲकॉर्डियनसारखा सूर घेऊन, मिल्स आणि बेरी मागे गात असतात, आणि पुन्हा चौघे एकत्र येतात. तीनही गाणी सुटी सुटी सुंदर आहेतच, पण ‘मॅन ऑन द मून’च्या गर्दीशिवाय ‘नाइटस्विमिंग’चं एकटेपण इतकं जाणवलं नसतं. वहीतला दुसरा प्रश्न मी लिहायला सांगितला तो अशाच जागांसाठी.

‘न्यू ॲडव्हेंचर्स’ दुसरा, आणि फार कमी अंतराने. १९९५ च्या दौऱ्यात मैफलीआधीच्या साउंडचेकमध्ये, रंगमंचावर, ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी नवी गाणी ध्वनिमुद्रित केली, काही नंतर सिएटलच्या स्टुडिओत. त्याच दौऱ्यात १ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तो मंचावर कोसळला होता. तो बरा होऊन परतला आणि दौरा पुढे चालू झाला. हा अल्बम ६५ मिनिटांचा आहे आणि सतत प्रवासात असल्यासारखा वाटतो. ‘ई-बो द लेटर’मध्ये पॅटी स्मिथचा आवाज मागून उगवतो. सात मिनिटांच्या ‘लीव्ह’मध्ये एक भोंगा वाजत राहतो आणि त्याच्या खालून सगळा बँड धावत असतो. एक-दोन गाणी कमी असती तर हाच पहिला आला असता.

त्यानंतर ‘आउट ऑफ टाइम’, ‘ग्रीन’ आणि ‘मॉन्स्टर’, याच क्रमाने.

तिसरा गट पटकन लावता येतो. ‘अप’ सर्वांत वर. मग ‘ॲक्सिलरेट’, ३५ मिनिटांच्या आत संपणारा, चपळ. मग ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’, त्यात आधीच्या सगळ्या काळांचे पडसाद आहेत, पण पडसादच. ‘रिव्हील’वर ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ आहे आणि सुखद गाण्यांची एकसारखी ऊब आहे. ती चौथ्या गाण्यानंतर मला जाणवेनाशी होते. शेवटी ‘अराउंड द सन’. ‘लीव्हिंग न्यू यॉर्क’ हे पहिलं गाणं चांगलं आहे, नंतर मात्र सगळ्या गाण्यांचा वेग आणि पोत एकच होत जातो. ती गाणी करताना बँडच कंटाळला होता, असं पीटर बकने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. याच अल्बममधली काही गाणी २००७ मध्ये डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये त्यांनी वाजवली, ती ऐकली की लक्षात येतं की चाली वाईट नव्हत्या, स्टुडिओत त्यांच्यातला जीव गेला होता.

तीन रांगांची एक रांग

आता तुमच्यासमोर पाच-पाचांच्या तीन रांगा आहेत. प्रत्येक रांगेतला फक्त पहिला अल्बम बघा. माझ्या बाबतीत ते ‘मर्मर’, ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘अप’. तिघांतला जो सर्वांत चांगला, तो तुमचा पहिला नंबर. तो उचलला की त्याच्या मागचा पुढे येतो. पुन्हा तिघांची तुलना, पुन्हा एक उचला. असं करत गेलात तर एका वेळी तीनपेक्षा जास्त अल्बम डोक्यात धरावे लागत नाहीत. पंधरा एकदम समोर मांडले तर मन आवडत्यांकडे पळतं आणि बाकीच्यांना ढोबळ अंदाजाने कुठेतरी ढकलतं.

मी ‘ऑटोमॅटिक’ उचलला. मग ‘मर्मर’ आणि ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ समोरासमोर आले, ‘मर्मर’ पुढे गेला. तिसरा ‘न्यू ॲडव्हेंचर्स’. मग ‘पॅजन्ट’, ‘रेकनिंग’ आणि ‘डॉक्युमेंट’ हे तिघे एकामागोमाग सुटले, कारण त्यांच्यासमोर सारखे ‘आउट ऑफ टाइम’ आणि ‘अप’ उभे होते आणि दोघांनाही अजून घाई नव्हती.

सहा जागा भरल्या. आता वेग कमी करा.

मधली पाच

सातव्या जागेसाठी माझ्यासमोर ‘फेबल्स’, ‘आउट ऑफ टाइम’ आणि ‘अप’ होते, आणि त्यांच्या मागे ‘ग्रीन’ आणि ‘मॉन्स्टर’. या पाचांपैकी एकही निर्दोष नाही आणि एकही टाकाऊ नाही. इथे नुसतं ‘आवडतो’ म्हणून भागत नाही, कुठला दोष आपण माफ करतो ते ठरवावं लागतं.

इथे पोचलात की पाचही अल्बम पुन्हा ऐका, या वेळी निघाल्याच्या क्रमाने नको, उलट्या क्रमाने. ‘अप’नंतर लगेच ‘मॉन्स्टर’ आला की दोघांचेही स्वभाव उठून दिसतात. वहीतल्या जुन्या नोंदी ऐकून झाल्यावरच उघडा.

‘आउट ऑफ टाइम’ची मांडणी विखुरलेली आहे. सुरुवातीला ‘रेडिओ साँग’मध्ये केआरएस-वन रॅप करतो, मध्ये ‘शायनी हॅपी पीपल’मध्ये बी-५२ज या बँडची केट पिअरसन गाते, आणि शेवटाकडे ‘कंट्री फीडबॅक’ येतं, जवळजवळ उत्स्फूर्त गायलेलं, काळीज कापत जाणारं. मॅन्डोलिनवर उभं असलेलं ‘लूझिंग माय रिलिजन’ कितीही वेळा ऐकलं तरी झिजत नाही. पण हे सगळं एका अल्बमचं आहे, असं मला कधी पूर्ण पटत नाही.

‘फेबल्स’ची अडचण उलटी. तो लंडनच्या हिवाळ्यात ध्वनिमुद्रित झाला, बँडमध्ये ताण होता, आणि आवाज धूसर आहे. पण ती धूसरता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विक्षिप्त माणसांच्या आणि आगगाड्यांच्या या गाण्यांना शोभते. ‘फीलिंग ग्रॅव्हिटीज पुल’चा वाकडातिकडा पहिला सूर ते ‘वेंडेल जी’मधला बँजो, सगळं एकाच जगातलं. अख्खा अल्बम हेच एकक धरलं, तर ‘फेबल्स’ला ‘आउट ऑफ टाइम’च्या वर ठेवणं भाग आहे. सुटी गाणी मोजली असती तर उलट झालं असतं. सातवा ‘फेबल्स’, आठवा ‘आउट ऑफ टाइम’.

‘अप’ लांब आहे, १४ गाणी, तासापेक्षा जास्त वेळ, आणि ‘एअरपोर्टमॅन’सारखी कुजबुजती सुरुवात बऱ्याच जणांना दारातूनच परत पाठवते. ड्रमर गेल्यावर दुसरा ड्रमर आणून जुना आवाज चालू ठेवणं सोपं होतं. त्यांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेतले आणि ती मोकळी जागा मोकळीच ऐकू दिली. ‘ॲट माय मोस्ट ब्युटिफुल’, ‘डेस्लीपर’, ‘होप’ ही तिन्ही गाणी त्या रिकामेपणातून आली आहेत. ‘होप’ची चाल लिओनार्ड कोहेनच्या एका जुन्या गाण्याच्या जवळ गेली हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याचंही नाव श्रेयात घातलं. या अल्बमची लांबी मी माफ करतो.

‘ग्रीन’ची गाणी ‘अप’पेक्षा ताकदीची आहेत, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. ‘ऑरेंज क्रश’ आणि ‘वर्ल्ड लीडर प्रिटेंड’ कुठल्याही अल्बमची शोभा वाढवतील. पण अल्बम तीन दिशांना ओढला जातो: ‘स्टँड’सारखी मुद्दाम भाबडी गाणी, मॅन्डोलिनची नाजूक गाणी, आणि मोठ्या स्टेडियमसाठी केलेली जड गाणी. मोठ्या कंपनीकडे नुकताच गेलेला बँड सगळे दरवाजे उघडून बघतोय, असं ऐकताना जाणवतं. म्हणून नववा ‘अप’, दहावा ‘ग्रीन’.

‘मॉन्स्टर’ अकरावा. त्याला स्वतःचा आवाज आहे, आणि ‘निर्वाणा’ बँडच्या कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतरचं ‘लेट मी इन’, नुसत्या करवतीसारख्या गिटारवर गायलेलं, थरारून टाकतं. पण बाकीची बरीच गाणी त्याच एका रंगात बुडून एकमेकांपासून वेगळी राहत नाहीत. तुम्हाला गोंगाट प्रिय असेल तर तुमच्या यादीत तो सातवा असेल, आणि तुमची यादी तेवढीच प्रामाणिक असेल.

उरलेले चार तिसऱ्या गटातल्या क्रमानेच येतात: बारावा ‘ॲक्सिलरेट’, तेरावा ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’, चौदावा ‘रिव्हील’, पंधरावा ‘अराउंड द सन’.

यादी झाल्यावर

तयार यादी महिनाभर बाजूला ठेवा आणि मग शेजारच्या जोड्या तपासा. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, असं खालपर्यंत. एखादी जोडी उलटी वाटली तर फक्त तेवढीच बदला. अल्बम एकदम चार जागा वर-खाली करावासा वाटला तर आधी तो पुन्हा सलग ऐका. अशी उडी बहुतेक वेळा नुकत्याच ऐकलेल्या एका गाण्याच्या जोरावर मारलेली असते.

ही यादी कुणा नवख्याच्या हातात देऊन ‘वरून खाली ऐक’ असं सांगू नका. गुणवत्तेचा क्रम आणि ओळख करून घेण्याचा क्रम वेगळे. ‘मर्मर’ माझ्या यादीत दुसरा आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातले शब्दही हाती लागत नाहीत, तो बिचकतो. नवख्याला आधी ‘ऑटोमॅटिक’ द्या. मग ‘पॅजन्ट’, म्हणजे हाच बँड किती वेगाने धावायचा ते कळतं आणि गायकाचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो. तिसरा ‘न्यू ॲडव्हेंचर्स’. हे तिन्ही रुचले तरच ‘मर्मर’, आणि तोही हेडफोन लावून.

‘क्रॉनिक टाउन’ कुंपणाबाहेर ठेवलं होतं, ते ‘मर्मर’नंतर लगेच ऐकायला सांगा. पाचच गाणी आहेत.